मागचं हायड्रोलिक: ऑइल येतं कुठून, जातं कुठं

(ज्यांना भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत.)

रानात असाल, एसटीत असाल, नाहीतर येरमाळ्याच्या फाट्यावर चहा पीत असाल, कुठंही असा. फक्त ट्रॅक्टर चालवताना ऐकत असाल तर एका कानातलं काढून ठेवा. आजचा विषयच असा आहे की मशीनचा आवाज तुम्हाला ऐकू यायला पाहिजे.

गेल्या काही भागांनंतर मेसेज आले त्यात एक प्रश्न सारखा येत होता. "दादा, माझा मिनी ट्रॅक्टर आहे, त्याला मागून हायड्रोलिक काढता येतं का?" कुणाला डंपिंग ट्रॉली लावायचीय, कुणाला पलटी नांगर. उत्तर सोपं आहे, येतं. दुपारपर्यंत काम होऊन जातं. पण त्या दुपारी काय चुकू शकतं हे मी घरातच बघितलंय, म्हणून आधी ती गोष्ट.

माझा मामेभाऊ तुळजापूर तालुक्यात असतो. थोडी द्राक्षबाग, बाकी सोयाबीन आणि हरभरा. बागेच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून त्यानं जुना, २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ह्यात कंपनीची काही चूक नव्हती. दोन वर्षं रोटर, फवारणी, कोळपणी सगळं झकास चाललं. मग गेल्या उन्हाळ्यात भाऊंनी पलटी नांगर आणला. छोटा, एकाच फाळाचा, हायड्रोलिकवर पलटणारा.

आता पलटी नांगर कशाला, तर साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो. बांधापर्यंत गेलात की तिथूनच त्याच तासाला लागून परत येता येत नाही, वळसा घालावा लागतो, आणि आपली रानं म्हणजे कशी, अर्धा एकर इथं, पाऊण एकर ओढ्यापलीकडं. वळसा घालण्यातच डिझेल जातं. पलटीवाला बांधावर उलटा करायचा आणि त्याच तासानं परत यायचं. एवढं उलटं करायला एक छोटा जॅक लागतो, आणि त्या जॅकला दोन पाइप. एका पाइपातून ऑइल गेलं की जॅक बाहेर येतो, दुसऱ्यातून गेलं की आत जातो. ह्याला डबल ॲक्टिंग म्हणतात. ट्रॉलीचा जॅक बहुतेक सिंगल असतो, एकच पाइप. वर जाताना ऑइल ढकलतं, खाली येताना ट्रॉलीचं वजनच ऑइल परत ढकलतं.

भावाच्या ट्रॅक्टरला मागं आउटलेटच नव्हतं. फक्त लिफ्ट. मग त्यानं बाजारातनं सिंगल लिव्हरचा डीसीव्ही आणला, दोन होज पाइप, चार कपलर, आणि एका दुकानात नेऊन बसवून घेतला. तीन तासांत काम झालं. नांगर लिव्हरवर झपकन पलटतोय असा व्हिडिओ त्यानं स्टेटसला ठेवला. पंधरा दिवसांनी मला व्हिडिओ कॉल. "दादा, ऑइल उडायलंय बघ!" लिव्हरच्या मुळातून, जिथं तो दांडा व्हॉल्वमध्ये शिरतो तिथून, ऑइलची पिचकारी. आणि हा पठ्ठ्या एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताचं बोट तिथं लावायला निघालेला. पलीकडून आमच्या गावचे मिस्त्रीकाका होते, त्यांनी त्याच्या हातावर अशी चापट मारली की मला मोबाइलवर आवाज आला.

ती चापट का मारली ते सांगतो, कारण आजच्या भागातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. लिफ्टच्या लाइनीत दाब साधारण १५० बार किंवा त्याच्या वर जातो. तुमच्या मोटरसायकलच्या टायरात किती असतो? दोन बारच्या आसपास. म्हणजे सत्तरेक पट. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं आणि त्यासमोर बोट आलं, तर ऑइल कातडी फोडून सरळ आत घुसतं. दिसायला काय दिसतं, तर एक लाल ठिपका. दुखतही नाही फारसं सुरुवातीला. माणूस बोट पुसतो, काम करत राहतो. आणि आत ते ऑइल मांसात, शिरांच्या बाजूनं पसरत राहतं. काही तासांत बोट सुजून काळंनिळं व्हायला लागतं, उशीर झाला तर बोट कापावं लागतं, कधी हातही. म्हणून असं काही झालं तर हळद लावून, पट्टी बांधून घरी बसायचं नाही. दुखो न दुखो, लगेच दवाखाना, आणि साध्या क्लिनिकमध्ये वेळ न घालवता जिथं ऑपरेशन होतं असा दवाखाना. डॉक्टरला "जखम झाली" असं सांगू नका, "दाबाचं ऑइल आत गेलंय" असं सांगा. गळती शोधायची असेल तर इंजिन चालू असताना पुठ्ठ्याचा तुकडा काठीला लावून लांबून फिरवा. पुठ्ठ्यावर ओला डाग पडतो तिथं गळती. बोट नाही, पुठ्ठा.

बरं, आता परत व्हॉल्वकडं. पिचकारी का उडाली?

मिस्त्रीकाकांनी इंजिन बंद करायला लावलं आणि मला म्हणाले, "लेकरा, एकच बघायचं असतंय. ऑइल येतंय कुठून अन् जातंय कुठं." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

बघा, ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप गिअरचा असतो. इंजिन चालू आहे तोवर तो ऑइल ढकलतच राहतो, त्याला थांबणं माहीत नाही. लिफ्टचं काम नसेल तेव्हा ते ऑइल आपलं लिफ्टच्या व्हॉल्वमधून फिरून परत टाकीत, म्हणजे बहुतेक मिनी ट्रॅक्टरमध्ये परत गिअरबॉक्समध्येच पडतं. रिकामं फिरत राहतं, दाब नसतो. तुम्ही लिफ्टचा लिव्हर ओढला की रस्ता अडतो, दाब चढतो आणि हात वर येतात. आता ह्या रस्त्यात आपण मधेच आपला व्हॉल्व घुसवतो. पंपाकडून आलेला पाइप तोडला, मधे डीसीव्ही बसवला, आणि पुढं लिफ्टला जोडला. दुकानदारानं नेमकं हेच केलं होतं. पंपाचं ऑइल आत घेणाऱ्या तोंडाला पंप जोडला, आणि परतीच्या तोंडाला, ज्याच्यावर "टी" असं कोरलेलं असतं, त्याला लिफ्ट.

चाललं की! पंधरा दिवस झकास चाललं. पण ते "टी" तोंड टाकीचं असतं. ते फुकट परत जाणाऱ्या ऑइलसाठी असतं, त्या बाजूचे सील दाब सोसायला बनवलेले नसतात. भावानं प्रत्येक वेळी लिफ्ट वर घेतली की लिफ्टच्या लाइनीतला सगळा दाब उलटा त्या नाजूक बाजूवर यायचा. शेवटी लिव्हरच्या दांड्याचं सील फुटलं. नशीब सीलच फुटलं. काही व्हॉल्वचं बिडाचं अंगच तडकतं.

बरोबर जोडणीत दोनच्या जागी तीन पाइप लागतात. एक पंपाकडून येणारा. एक पुढं लिफ्टला जाणारा, तो "टी"मधून नाही तर दाब सोसणाऱ्या वेगळ्या तोंडातून. त्यासाठी व्हॉल्वमध्ये एक खास बुशिंग बसवावं लागतं, कॅटलॉगमध्ये त्याला पॉवर बियाँड म्हणतात. आणि तिसरा, "टी"मधून निघून सरळ गिअरबॉक्समध्ये पडणारा, ज्याच्यावर कधीच दाब येणार नाही. हा तिसरा पाइपच दुकानात विसरतात, किंवा वाचवतात. व्हॉल्व घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, "ह्याला पॉवर बियाँड होतं का?" त्याला कळलं नाही तर दुसरं दुकान बघा. माझं स्पष्ट मत आहे, ज्याला हा प्रश्न कळत नाही त्याच्याकडून व्हॉल्व बसवूनच घेऊ नये, मग तो मजुरी न का घेईना.

ट्रॅक्टर नवीन असेल, वॉरंटीत असेल, तर पाइप तोडायच्या आधी शोरूमला विचारा. बऱ्याच मॉडेलला कंपनीचंच किट मिळतं, महाग पडतं, पण वॉरंटी हातातून जात नाही.

आणखी एक गैरसमज. "मागून हायड्रोलिक काढलं की लिफ्ट जास्त उचलते का?" नाही हो. पंप तोच, दाब तोच. ५ सेंटिमीटर व्यासाचा जॅक असेल तर १५० बारला तो ढकलायला साधारण ३ टन जोर देतो, ओढायला त्याहून कमी, कारण ओढताना दांड्यानं आतली जागा खाल्लेली असते. लिफ्टचं वेगळं गणित आहे. मिनी ट्रॅक्टरच्या पॅम्फ्लेटवर ७५० किलो वगैरे लिहिलेलं असतं, पण नांगराचं वजन हातांच्या टोकाला नसतं, त्याच्या मागं लोंबकळत असतं, त्यामुळं प्रत्यक्षात तेवढं उचलत नाही. आणि उचललंच तर पुढची चाकं उचलली जातात. पुढं वजन लावा, लिफ्टला शिव्या देऊ नका.

आता ट्रॉली. आपल्याकडं बरेच मिनी ट्रॅक्टर सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून आलेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतल्या बचत गटांना ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं मिळतात, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान, १० टक्के गटाचे. त्यात ट्रेलर येतो. पुढं गट कामं घ्यायला लागला की वाटतं, शेणखत, मुरूम, खडी हातानं कोण उतरवणार, डंपिंग करून घेऊ. कल्पना चांगली आहे. पण हा ट्रॅक्टर एकाचा नसतो, दहा घरांचा असतो. तो जूनच्या पहिल्या पावसात उभा राहिला तर दहा घरांची पेरणी अडते. म्हणून इथं घाई नको.

ट्रॉलीचा प्रश्न ऑइल किती ह्याचा आहे. नांगर पलटायच्या जॅकला अर्धा लिटर ऑइल लागतं. ट्रॉलीचा जॅक धरा ८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ८० सेंटिमीटर बाहेर येणारा. त्यात ४ लिटर ऑइल जातं. ते कुठून जातं? तुमच्या गिअरबॉक्समधून. छोट्या ट्रॅक्टरमध्ये आधीच ऑइल कमी, त्यातलं ४ लिटर वर गेलं, आणि ट्रॅक्टर उतारावर उभा असेल तर पंपाची ओढणारी जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. मग तो किंचाळतो. एकदा ऐकलात की विसरणार नाही असा आवाज असतो. ऑइलला फेस येतो, ट्रॉली थरथरत वर जाते. हे दिसलं की थांबायचं.

काही जण काय करतात, ट्रॉली वर असतानाच गेज बघतात, ऑइल कमी दिसतं, वरून ओततात. ट्रॉली खाली आली की ते चार लिटर परत येतं आणि जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. गेज नेहमी सपाट जागेवर, इंजिन बंद, ट्रॉली आणि लिफ्ट दोन्ही खाली, असं असतानाच बघायचं. आणि ट्रॉलीचा जॅक घ्यायच्या आधी हे चार लिटरचं गणित स्वतः करायचं. व्यासाचा अर्धा, त्याचा वर्ग, गुणिले ३.१४, गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये. हजारानं भागलं की लिटर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

वर गेलेल्या ट्रॉलीखाली जायचं नाही. ग्रीस लावायला नाही, अडकलेला दगड काढायला नाही, "एकच मिनिट" म्हणून तर अजिबात नाही. होज फुटला तर ट्रॉली खाली यायला एक सेकंदही लागत नाही. जायचंच असेल तर ट्रॉली रिकामी करा आणि लोखंडी टेकू लावा, लाकडी ओंडका नाही. ट्रॉलीला टेकू वेल्डिंग करून घेतला तर तो तिथंच राहतो, शोधावा लागत नाही. आणि वर बघा. शेतातून गेलेल्या विजेच्या तारा कधी कधी इतक्या खाली लोंबतात की वर गेलेली ट्रॉली सहज टेकते.

आता सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी. कपलरवरची धूळ.

कपलर म्हणजे ते खटकन बसणारं तोंड. त्याला प्लास्टिकची टोपी असते. ती टोपी पहिल्या आठवड्यात हरवते, मग कपलर वर्षभर उघडा. आपली काळी माती उन्हाळ्यात किती बारीक उडते तुम्हाला माहितीये. ती कपलरच्या तोंडात बसते, तुम्ही तसाच जोडता, आणि ती सरळ आत. वर आपण ट्रॉल्या अदलाबदल करतो. शेजाऱ्याची ट्रॉली आणली, तिच्या जॅकमधलं चार लिटर ऑइल तुमच्या गिअरबॉक्समध्ये आलं. त्यात काय होतं? पावसाळ्यात बाहेर उभी असेल तर पाणी. ऑइल ताकासारखं पांढरट दिसायला लागलं म्हणजे पाणी मिसळलं. आणि त्यानं कुठलं ऑइल टाकलंय? बहुतेक साधं ६८ नंबर. ते हायड्रोलिकला ठीक, पण तुमच्या ट्रॅक्टरात लिफ्ट, गिअर आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक सगळ्यांना एकच ऑइल असेल, तर त्या ब्रेकला ते चालत नाही. ब्रेक आवाज करायला लागतात, घसरतात. मग माणूस ब्रेक उघडतो आणि आजार ट्रॉलीतून आलेला असतो!

भावाच्या बाबतीत हेही झालं होतं. मिस्त्रीकाकांनी तिसरा पाइप टाकताना गिअरबॉक्सची जाळी काढली तर तिच्यावर बारीक मातीचा आणि लोखंडी चुऱ्याचा थर. पूर्ण ऑइल बदललं, जाळी डिझेलमध्ये धुतली, फिल्टर नवा. व्हॉल्व, बुशिंग, पाइप आणि ऑइल मिळून जो खर्च झाला त्यात पहिल्या वेळीच दोनदा नीट काम झालं असतं. मामा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मामींच्या म्हणण्यानुसार ते ट्रॅक्टरशीही बोलले नाहीत.

म्हणून: टोपी हरवली तर नवी आणा, नाहीतर पॉलिथिन आणि रबर बँड तरी लावा. जोडायच्या आधी दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्यानं पुसा, ज्यानं ग्रीस पुसलं त्या फडक्यानं नाही. नवा व्हॉल्व, नवे पाइप बसवल्यावर पहिल्या ५० तासांनी फिल्टर आणि जाळी एकदा बघा, कारण नव्या पाइपात कापताना पडलेला रबराचा चुरा असतोच. पुढं मॅन्युअलमध्ये जे तास दिलेत तेच पाळा, पण ट्रॉली अदलाबदल करत असाल तर त्याच्या आधीच.

आता उन्हाळ्यातला एक प्रकार, हा खास आपल्या भागातला. नांगर सोडून ठेवलाय उन्हात. दुपारी तीन वाजता जोडायला जाता तर कपलर बसतच नाही. दाबून, गुडघा लावून, शेवटी हातोडी. मी स्वतः हातोडी मारलीय, खोटं कशाला बोलू. कारण असं की जॅक आणि पाइपात ऑइल कोंडलेलं असतं, ऊन लागलं की ते फुगतं, जागा नसते, मग आत दाब तयार होतो. त्यावर उपाय जोडताना नाही, सोडताना करायचा. सोडायच्या आधी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, आणि मागचा लिव्हर दोन-तीन वेळा पुढं-मागं करा. कोंडलेला दाब निघून जातो. मग कपलर काढा आणि पाइप सावलीत गुंडाळून ठेवा. हातोडीनं कपलरची आतली गोळी बिघडते, आणि मग तो बसलेला दिसतो पण ऑइल सोडत नाही. ट्रॉली वर जाते, खाली येत नाही. तेव्हा माणसं काय करतात, वर असलेल्या ट्रॉलीचा पाइप सैल करतात. तसं करू नका. आधी टेकू.

होज पाइप घेताना दोन तारांच्या जाळीचा घ्या, टोकं मशीनवर प्रेस केलेली. क्लॅम्प आवळून बसवलेला पाइप पाण्याच्या मोटारीला ठीक. लांबी मोजताना नांगर पूर्ण खाली, पूर्ण वर आणि पलटलेला, तिन्ही वेळा मोजा. पीटीओच्या शाफ्टपासून लांब बांधा. रबराला भेगा किंवा फुगवटा दिसला की पाइप बदला. चिंधी गुंडाळून "चालवू अजून एक हंगाम" करू नका.

शेवटी, कळंबकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गटाकडं १८ एचपीचा ट्रॅक्टर आहे, डंपिंग करायचं की नाही? ताई, मी पाहिलेलं नाही, पण तुमच्या मेसेजमधून दिसतंय की वर्षातून वीस-पंचवीस दिवस खत आणि मुरूम वाहता, बाकी सगळं रोटर आणि पेरणी. मला विचाराल तर ट्रॉलीवर वेगळी छोटी ऑइलची टाकी आणि बॅटरीवर चालणारा पंप असलेलं युनिट मिळतं, ते बघा. हळू वर जातं, बॅटरी आणि तिचं चार्जिंग सांभाळावं लागतं, पण ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला हात लागत नाही. शेजारच्या ट्रॅक्टरला जोडली तरी ऑइल मिसळत नाही. किंमत दोन्हींची लेखी घ्या, व्हॉल्वच्या बाजूला तिसरा पाइप आणि पूर्ण ऑइल बदल धरूनच घ्या, आणि मग गटाच्या बैठकीत ठेवा.

भावाचा नांगर आता नीट चालतोय. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्यांच्या वर खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवलेला असतो, काठीसकट. परवा मी गेलो तेव्हा त्यावर दोन डाग होते. विचारलं तर म्हणाला, "एक कपलरचा, दुसरा चहाचा."